कार्डावरचा चौथा चौकोन

आमच्या लाँड्रीत कपडा मशीनमध्ये जाण्याआधी त्याचे खिसे तपासायचे असतात, आणि ते काम माझं. खिशात जे सापडेल ते कपड्याच्या नंबरच्या पाकिटात टाकायचं, पाकीट पिनेने टाचायचं, पुढचा कपडा घ्यायचा. किल्ल्या सापडतात, औषधाच्या गोळ्या सापडतात, एकदा एका साहेबांच्या कोटात अख्खी कवळी सापडली होती. सापडलेले कागद मी वाचत नाही. वाचायला लागले तर संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाचे संसार माझ्या डोक्यात येऊन बसतील, आणि मला माझा एकच आवरेनासा झाला होता.

त्या मंगळवारी दुपारी दोन चाळीसला एक राखाडी कोट माझ्या हातात आला. कोट फोटोवाल्याचा होता. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मी बसलेली आहे, तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही. सकाळी तो पुढे काउंटरवर टाकून गेला असणार. आतल्या खिशात घडी घातलेला कागद होता. लांबच्या गाडीच्या आरक्षणाची छापील प्रत, आजच्याच, चार वीसच्या गाडीची. प्रवासी दोन: एक प्रौढ, एक बालक. बालकाचं वय साडेतीन.

मी आधी काय केलं सांगू? खुळ्यासारखे बाकीचे खिसे तपासले. आपण तिघं, मग तिसरं तिकीट कुठे, असं मनाशी म्हणत. मग कागद उलटा केला. मागे त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, "तिसरं तू काढ."

मी कपड्यांच्या ढिगावरच बसले. खिसे मी तपासते हे त्याला पक्कं माहीत होतं. कागद खिशात चुकून राहिला नव्हता, मला पाठवलेला होता. आणि साडेतीन वर्षांची आमच्या ओळखीत एकच मुलगी होती, माझी. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती रिकाम्या हाताने कधी चालत नाही. काडी, बाटलीचं झाकण, कुणाचा तरी मोजा, काहीतरी उचललेलंच असतं.

मुंगी पाळणाघरात होती. पाळणाघराचं दार तीन वाजता उघडतं. आणि फोटोवाल्याला मुंगी घेऊन जायचा हक्क मी स्वतः दिलेला होता.

ते असं झालं. पाळणाघराच्या मोठ्या बाई नियमाच्या पक्क्या आहेत. प्रत्येक मुलाचं एक कार्ड असतं, त्यावर चार चौकोन. ज्यांनी मुलाला घरी न्यायचं, त्यांचे फोटो चौकोनात चिकटवायचे, खाली नातं लिहायचं आणि आईबापांनी दोघांनी सह्या करायच्या. ज्याचा फोटो कार्डावर, त्याला मूल मिळणार, बाकी कुणी कितीही रडलं तरी नाही. मुंगीच्या कार्डासाठी मी तिला घेऊन फोटो काढायला गेले, तिथे हा भेटला. मुंगी कॅमेऱ्याकडे बघेना. त्याने स्वतःच्या डोक्यावर बूट ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने उभा राहिला. मुंगी हसली. मी तर तिच्यापेक्षा जास्त हसले. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला कुणी हसवायचा घाट घातल्याला किती दिवस झाले ते मी तिथेच मोजलं.

नवरा वाईट आहे असं मुळीच नाही. लिफ्ट दुरुस्त करतो, नाकासमोर चालतो, पगार घरी आणतो. घरी आल्यावर मात्र त्याचे शब्द संपलेले असतात. फोटोवाल्याकडे शब्दच शब्द. मी कपडे कसे घालते, मान कशी वळवते, सगळं त्याला दिसायचं. नंतर कळलं की त्याला जरा जास्तच दिसतं. लाँड्रीतून बाहेर पडले की फोनवर माझाच फोटो यायचा, रस्त्यापलीकडून काढलेला, खाली ओळ: "हसली नाहीस आज." पहिल्यांदा मी लाजले. दहाव्यांदा मागे वळून बघायला लागले. एकदा मालकाशी बोलताना दिसले म्हणून त्याने माझा फोन भिंतीवर फोडला. एकदा स्टुडिओचं शटर आतून ओढून तासभर किल्ली दिली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून असा रडला की मीच त्याची समजूत काढली. मी त्याला सोडायचं चार वेळा ठरवलं. चारही वेळा तो बूट डोक्यावर घेऊन उभा राहिला आणि मी विरघळले. मला माझाच इतका राग येतो की सांगता सोय नाही.

आणि याच माणसाचा फोटो मी मुंगीच्या कार्डावरच्या चौथ्या चौकोनात चिकटवला. पहिल्या तीनमध्ये मी, नवरा आणि सासूबाई. एक दिवस माझं काम लांबलं, सासूबाईंचा गुडघा सुजलेला, तो म्हणाला, "मी आणतो की." मला काय आनंद झाला. जणू तो आमच्या घरातलाच. नात्याच्या रेघेवर मी लिहिलं "मामा." घरी सांगितलं, माझ्या आईच्या नात्यातला लांबचा भाऊ आहे, इकडे धंद्याला आलाय. माझ्या माहेरचं कुणी इथे फिरकत नाही, तेव्हा खरंखोटं करणार कोण? नवरा लिफ्टचा कागद तीनदा वाचल्याशिवाय सही करत नाही. मी पुढे केलेल्या कागदावर त्याने जेवता जेवता सही केली.

रविवारी मी फोटोवाल्याला म्हटलं होतं, मुंगीला टाकून मी कुठेही येणार नाही, आणि तिच्या बापापासून तिला तोडणारही नाही, तेव्हा आता पुरे. तो चिडला नाही. तो फक्त म्हणाला, "म्हणजे मुंगी जिथे जाईल तिथे तू येशील." मी त्याचा अर्थ लावलाच नाही. तो शांत राहिला याचंच मला बरं वाटलं होतं.

मी पाळणाघरात फोन लावला. मोठ्या बाईंनीच उचलला.

"बाई, मी मुंगीची आई. आज तिला कुणाकडेही देऊ नका. मी येतेय."

"कुणाकडेही म्हणजे? कार्डावरचं माणूस आलं तर मला द्यावं लागेल."

"मामाकडे देऊ नका."

"का? काय झालं?"

इथे मला सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलेलं होतं. पण बाजूला वाफेच्या इस्त्रीवरच्या ताई उभ्या होत्या, आणि बाईंसमोर मी वर्षभर व्यवस्थित घरची सून म्हणून वावरलेली. मी म्हटलं, "काही नाही, तसंच."

"तसंच म्हणून मी फोनवर कार्डावरचं नाव काढत नाही," बाई म्हणाल्या. "मागे कुणीतरी आईचा आवाज काढून आजीला मूल देऊ नका म्हणून सांगितलं. आजी बिचारी दाराबाहेर, मूल आत तीन तास रडत. तेव्हापासून कानाला खडा. कार्डावरचा फोटो काढायचा तर दोघांनी इथे यायचं, कारण लिहायचं, दोघांच्या सह्या. तुम्हीच वाचून सही केलीय."

वाचून. मी फोन ठेवला.

ताईंनी इस्त्री खाली ठेवली. त्यांना सगळं माहीत होतं हे मला तेव्हा कळलं, कारण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "मालकाला मी सांगते," त्या म्हणाल्या. "तू पळ."

मी बसस्टॉपकडे पळता पळता नवऱ्याला फोन लावला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की त्याचा फोन लागत नाही. लागला नाही. आणि मला, लाज वाटते सांगायला, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मुलगी हातची चाललेली आणि मी नवऱ्याला सांगावं लागलं नाही म्हणून श्वास सोडतेय. अशी बाई मी.

बस आली. बसायला जागा होती तरी मी दारातच उभी राहिले. लाँड्रीपासून पाळणाघर पंचवीस मिनिटं. दोन बावन्न झाले होते. पहिल्या सिग्नलला बस थांबली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. फोटोवाल्याचा स्टुडिओ पाळणाघरापासून दोन गल्ल्यांवर. तो चालत निघाला तरी माझ्या आधी पोहोचणार. मुंगी त्याच्याकडे झेपावत जाणार, कारण मामा आला की बूट डोक्यावर ठेवतो. ती रडणारसुद्धा नाही. हे डोक्यात आलं आणि मी दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

सासूबाईंचं घर, म्हणजे आमचंच घर, पाळणाघरापासून पाच मिनिटांवर. मी फोन लावला.

"आई, मुंगीला आत्ताच्या आत्ता आणाल का?"

"मी कशाला? तुझा भाऊ आणतोय ना. त्याचा फोन आला होता मगाशी. म्हणाला, तुम्ही गुडघ्याला त्रास देऊ नका, तिला जरा फिरवून आणतो. चांगला आहे गं पोरगा."

बसमध्ये माझ्या समोरच एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. मला वाटत होतं, अख्खी बस माझ्याकडे बघतेय. कुणी बघत नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "तो माझा भाऊ नाही."

 पलीकडे भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं तेवढं ऐकू आलं. मी पुढे बोलत गेले, थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. "तो माझा कुणीच नाही. म्हणजे होता. माझं चुकलं. तो मुंगीला घेऊन गाव सोडणार आहे, चार वीसच्या गाडीने. तिकीट माझ्या हातात आहे. आई, मला काय बोलायचं ते नंतर बोला, पण तुम्ही जा."

सासूबाई मला एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी दोन दिवस ऐकवतात. मी डोळे मिटून वाट बघत राहिले.

"मला चपला घालू दे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या पुढच्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात काय काय कबूल केलं, कुणाकुणाला, ते मी लिहीत नाही. पण एक सांगते. त्या कागदावरचं ते "तिसरं तू काढ" वाचताना माझ्या आत कुठेतरी एक कोपरा असा होता की जो विचार करत होता, गाडीत जागा मिळेल का. भीती तर होतीच. पण तो कोपराही होता. मला त्याच्यापेक्षा जास्त भीती त्या कोपऱ्याची वाटली.

तीन सतराला मी पाळणाघराच्या दारात पोहोचले.

दारात, अगदी उंबऱ्यावर, लहान मुलांचं लाल प्लास्टिकचं स्टूल होतं आणि त्यावर सासूबाई बसल्या होत्या. सुजलेला पाय आडवा पसरलेला. त्यांना ओलांडल्याशिवाय कुणी आत जाऊ शकत नव्हतं की बाहेर येऊ शकत नव्हतं. आत मोठ्या बाई कार्ड हातात धरून उभ्या. आणि त्यांच्या शेजारी फोटोवाला, मुंगीचं दप्तर खांद्याला लावून. मुंगी जमिनीवर बसून स्वतःचा बूट स्वतःच घालत होती, उजव्याचा डाव्याला.

"मी कधीची सांगतेय," बाई मला म्हणाल्या, "दोघंही कार्डावर आहेत, आपसात ठरवा. या आजी दारातून हलायला तयार नाहीत."

"माझा पाय आखडलाय," सासूबाई म्हणाल्या. "उठता येत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

फोटोवाला माझ्याकडे बघून हसला. तेच हसू, ज्याच्यासाठी मी वर्षभर जीव टाकला. "आलीस," तो हळूच म्हणाला. "तिसरं काढलंस का?"

 मी सासूबाईंच्या पायावरून पलीकडे पाऊल टाकलं, त्याच्या खांद्यावरून दप्तर ओढून घेतलं. त्याने बंद क्षणभर धरून ठेवला. मला वाटलं आता तो काहीतरी करेल. त्याने बंद सोडला, खाली वाकून मुंगीच्या गालाला हात लावला आणि म्हणाला, "मामा उद्या येईल हं." मग मला, अगदी सहज, कुणी वेळ सांगावी तसं, "तीन उद्याही वाजतात. परवाही वाजतात."

सासूबाईंनी पाय आत घेतला. तो गेला.

मी मुंगीला उचलून छातीशी धरलं. तिच्या मुठीत कुणाच्या तरी रंगीत खडूचा तुकडा होता. "मामा गेला?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. माझे दात एकमेकांवर वाजत होते, ते ऐकून ती हसायला लागली.

"बाई," मी म्हटलं, "त्याचा फोटो कार्डावरून काढायचाय. आत्ता."

"दोघांच्या सह्या," बाई म्हणाल्या. पण या वेळी त्यांनी अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला, आणि खुर्चीही ओढली.

सासूबाई आता स्टूल दारातून आत ओढून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "मी माझ्या मुलाला काही सांगणार नाही. सांगायचं ते तू सांग." मग जरा थांबून, "पण आजच सांग. उद्या तीन वाजायच्या आत."

नवऱ्याचा फोन चार वाजता लागला. मी एवढंच म्हटलं, पाळणाघरात ये, मुंगी ठीक आहे, पण ये. तो वीस मिनिटांत आला, म्हणजे चार वीसलाच. हाताला ग्रीस तसंच. आईला स्टुलावर बसलेलं पाहून त्याला काही कळेना. त्याने मुंगीला घ्यायला हात पुढे केले, मग हात काळे आहेत हे पाहून मागे घेतले.

मी अर्ज भरून ठेवला होता. "कोणाचा फोटो काढावयाचा: मामा." त्याखाली "कारण." त्या रेघेवर मी तीन वेळा लिहून खोडलं होतं. शेवटी जे राहिलं ते असं होतं: "हा मुलीचा मामा नाही. मी खोटं लिहिलं होतं. याच्यापासून मुलीला धोका आहे."

मी अर्ज आणि तिकिटाचा कागद, दोन्ही त्याच्यापुढे सरकवले. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या हातचा कागद वाचला. ओळीखाली बोट ठेवून, लिफ्टच्या कागदासारखा, तीनदा. पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी बोट "खोटं" या शब्दापाशी थांबलं. तिसऱ्या वेळी त्याने तिकिटाचा कागद उलटा केला, मागची ती ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. घालावीशी फार वाटत होती.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"वर्ष."

त्याने पेन मागितलं. सही केली. अर्जावर काळा अंगठा उमटला. मोठ्या बाईंनी चौथ्या चौकोनातला फोटो नखाने सोलून काढला. फोटो चांगला चिकटला होता, निम्मा कागद बरोबर घेऊनच निघाला.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. मला बघायची गरज नव्हती तरी मी पाहिलं. रस्त्यापलीकडून काढलेला फोटो. खिडकीतून आम्ही सगळे दिसत होतो, नवऱ्याची पाठ, मुंगीचं डोकं, मी. खाली ओळ: "हसली नाहीस आज."

असे फोटो मी वर्षभर आल्या आल्या पुसत आले होते. बोट सवयीने तिथेच गेलं. मी ते उचललं आणि फोन नवऱ्यापुढे, अर्जाशेजारी ठेवला.

त्याने पाहिलं. उठला. माझ्या हातातून मुंगीला घेतलं, ग्रीसचा विचार न करता, आणि तिला खिडकीपासून लांब, आजीच्या मांडीवर नेऊन बसवलं. मग खिडकी लावली, दार लावलं, कडी घातली. खोलीत अंधारल्यासारखं झालं. बाहेर फोटोवाला होता आणि आत आम्ही होतो, आणि मला कुठे जास्त भीती वाटत होती ते मला सांगता येणार नाही.

"हा फोन असाच ठेवा," नवरा मोठ्या बाईंना म्हणाला. "काही पुसायचं नाही. पोलिसांत दाखवायला लागेल." बाईंनी मान हलवली.

मग तो कार्डावर वाकला. पहिल्या चौकोनात मी होते, दुसऱ्यात तो, तिसऱ्यात त्याची आई. चौथा फाटलेला. तो बराच वेळ दुसऱ्या चौकोनाकडे बघत राहिला.

"माझा ठेवायचा ना?" त्याने विचारलं. विचारलं बाईंना.

मोठ्या बाईंकडे प्रत्येक गोष्टीला नियम असतो. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी "हो" म्हणाले. आवाज फुटला नसावा, कारण कुणीच काही बोललं नाही. मी परत म्हणाले.